पाणी कोण देतंय

शरणपूर रोडच्या सिग्नलला एप्रिलच्या भर दुपारी उभं राहण्यात अध्यात्माचा काही भाग नाही. पुढे सिटी बस, मागे पाण्याचा टँकर, दोन्ही अंगांना दुकानं. ‘शरणपूर’ हा शब्द तुम्ही हजार वेळा उच्चारलाय, रिक्षावाल्याला, कुरियरवाल्याला, पत्ता सांगताना. शरण कोण आलं होतं आणि कुणाला, हे विचारायला कधी सवड झाली नाही. सिग्नल सुटला की प्रश्नही सुटतो.

आज सिग्नल सुटत नाही आणि घसा मात्र कोरडा पडलाय. गाडी कडेला लावून तुम्ही सेंट अँड्र्यूज चर्चच्या बाजूला सावलीत येता. कुणीतरी तांब्या पुढे करतं. तांब्या धरलेला हात काळाभोर आणि पोरवयाचा आहे. तुम्ही ओंजळ करता, पाणी पडतं, गार आणि जरासं मचूळ. पिऊन मान वर करता तर बस नाही, टँकर नाही, दुकानं नाहीत.

साल १८६६.

नाशिक गाव पूर्वेला राहिलंय. इथे उघडा माळ आहे, थोडी झाडं, बैठ्या घरांच्या ओळी आणि एक विहीर. विहिरीवर बैल मोट ओढतायत. पलीकडच्या छपरातून लोहाराच्या भात्याचा आवाज येतो, त्याच्या शेजारून रंध्याचा. चर्च मिशनरी सोसायटीने १८५४ साली वसवलेलं हे ख्रिस्ती गाव, विल्यम सॉल्टर प्राइस नावाच्या पाद्र्याच्या देखरेखीखालचं. धर्मांतरानंतर घरादाराला मुकलेल्यांना आसरा म्हणून ते वसलं, आणि नावही तसंच पडलं. पण तुम्हाला पाणी देणारा पोरगा इथल्या कुठल्याच वाड्यावस्तीतला नाही. तो आफ्रिकेतला आहे.

पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून गुलाम भरून निघालेली गलबतं इंग्रजी नौदल समुद्रात अडवायचं. सुटका झालेल्या मुलांना मुंबईत उतरवलं जाई आणि त्यातली बरीचशी इथे नाशिकला येत. इथे त्यांना लिहावाचायला शिकवलं जाई, सुतारकी आणि लोहारकी हाताला दिली जाई, आणि बाप्तिस्म्याबरोबर नवं नाव. नव्या नावाखाली जुन्याचं काय झालं याची फारशी नोंद सापडत नाही, आणि मला हे शरणपूरच्या कौतुकात नेहमी टोचत आलंय. दोनच वर्षांपूर्वी, १८६४ साली, इथले तिघे तरुण मोंबासाजवळ राबाईला मिशनच्या कामासाठी परत गेले. आत्ता, याच वर्षी, इथून गेलेली नऊ मुलं शोधप्रवासी लिव्हिंग्स्टनबरोबर आफ्रिकेच्या आत चालत निघाली आहेत. पुढे याच शाळेतून जेकब वेनराइट जाईल. १८७३ साली लिव्हिंग्स्टन मेला तेव्हा झाडाखाली अंत्यसंस्काराची प्रार्थना त्यानेच वाचली, झाडाच्या खोडावर अक्षरं त्यानेच कोरली, आणि मृतदेहाबरोबर तो थेट लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीपर्यंत गेला. शरणपूर रोडवरच्या एकाही पाटीवर त्याचं नाव माझ्या पाहण्यात नाही.

पण तुमच्यासमोरचा पोरगा जेकब नाही. तो विहिरीवरचा एक पोरगा आहे, बस.

माळावरून मेंढरं येतायत. पुढे धनगर, खांद्यावर घोंगडी, हातात काठी. मागे त्याची बायको, डोक्यावर संसार, आणि घोड्यावर वाघर लादलेली. रात्री कुणाच्या तरी पडीक रानात ती जाळी उभी करायची आणि मेंढरं बसवायची. शेतकऱ्याला खत मिळतं, धनगराला धान्य. धनगर विहिरीशी थांबतो. पोरगा त्यालाही पाणी ओततो, आणि शाळेत नुकताच पाठ झालेला दाखला तोडक्यामोडक्या मराठीत त्याला ऐकवतो. शंभर मेंढरं होती. एक हरवलं. मेंढपाळ नव्व्याण्णव रानात ठेवून त्या एकाला शोधायला गेला.

धनगर ओंजळ झटकतो.

“नव्व्याण्णव कुणावर टाकून गेला?”

पोराला उत्तर येत नाही.

“रानात लांडगं हायती. एका मेंढराच्या मागं जायचं आन् परत येऊन बघायचं तर धा कमी. असला कसला धनगर तो?”

हा दाखला शहरातल्या चर्चच्या रंगीत काचेवर तुम्ही पाहिलाय. कोकरू खांद्यावर, चेहरा प्रसन्न, मागे हिरवीगार टेकडी. त्या चित्रात लांडगा नसतो. ज्याने मेंढरं राखली आहेत त्याला पहिल्यांदा लांडगाच दिसतो, आणि म्हणून त्याला ती गोष्ट गोड वाटत नाही, वेडेपणाची वाटते. गालीलातल्या ऐकणाऱ्यांनाही ती तशीच वाटली असणार. त्यांच्यातही मेंढरं राखणारे असणारच.

पोरगा बराच वेळ गप्प राहतो. मग मोटेकडे बघत म्हणतो, “माझ्यासाठी जहाज आलं होतं.”

धनगराला यातलं काही कळलं असं नाही. तो काठी उचलून चालू लागतो. तुम्हाला कळलंय, आणि त्यावर काय बोलावं ते सुचत नाही. पोराला वाचवणारं जहाज ज्या साम्राज्याचं, त्याच साम्राज्याचा झेंडा नाशिकच्या कचेरीवरही फडकतोय, हे तुम्हाला माहीत आहे. पण हे त्याच्यापुढे बोलणं बरं दिसलं नसतं.

गोदावरीच्या कडेकडेने वर, पश्चिमेकडे चालत राहा. नाशिककर नदीला गंगा म्हणतात, तुम्हीही म्हणा. दोन-अडीच तासांत जलालपूर येईल. वाटेत काही वर्षं गळून पडतील, त्याकडे लक्ष देऊ नका. गावात शिरता तेव्हा १८७३ साल आहे आणि तुम्हाला पुन्हा तहान लागलीय.

गोखल्यांचं घर विचारायची गरज नाही. ज्या घरात सतत काहीतरी धुतलं जातंय ते त्यांचं. नारायणराव गोखले यांचे सासरे सत्तावन्नच्या धामधुमीत फाशी गेले, आणि त्यानंतर सोवळ्याने नारायणरावांच्या मनाचा जो ताबा घेतला तो सुटला नाही. बाजारातून घरात येणारी वस्तू कुणाकुणाच्या हातातून आली असेल या विचाराने त्यांना चैन पडत नाही. मग ती वस्तू धुवायची. धुणाऱ्या बायका थकतात, वस्तू नासतात, तरी विटाळ धुतला गेल्याची खात्री होत नाही. या घरात पाच-सहा वर्षांची एक मुलगी आहे, मनकर्णिका. १८६८ सालचा तिचा जन्म. सात वर्षांनी तिचं लग्न नारायण वामन टिळक नावाच्या तरुणाशी होईल आणि ती लक्ष्मीबाई होईल. तिच्या आठवणी, ‘स्मृतिचित्रे’, तुम्ही वाचल्या असतील. नसतील तर हा लेख इथेच ठेवून त्या वाचा. माझी हरकत नाही.

तुम्ही ओसरीच्या पायरीशी उभे राहता आणि पाणी मागता.

आतून आवाज येतो, “कोण? कुठचे?”

तुम्ही नाशिक म्हणता.

“आडनाव काय?”

इथे मी थांबतो. तुमचं आडनाव मला माहीत नाही. तुम्हाला माहीत आहे, आणि त्या आडनावावर १८७३ साली या पायरीशी पाणी कसं मिळेल हेही तुम्हाला चांगलं माहीत आहे. भांड्यातून, की वरून ओंजळीत, की लांबून, की मुळीच नाही. ज्याने त्याने आपापलं उत्तर द्यावं आणि आपापलं पाणी प्यावं. ज्यांना मिळालं नाही त्यांच्यासाठी नदी आहे. आणि नदीवरही कुणी कुठल्या अंगाला उतरायचं, हे ठरलेलं आहे.

शंभर पावलांवर एवढी गंगा वाहतेय आणि ओसरीवर पाण्याचा हिशेब चाललाय. पाण्याची टंचाई नसलेल्या गावातली ही तहान आहे. ती लक्षात राहू द्या, पुढे लागेल.

मधला प्रवास भराभर करू. टिळक नाशिकला शिकले, गावोगाव भटकले, कविता करत राहिले. १८९३ साली आगगाडीच्या डब्यात एका परक्या माणसाने त्यांना नवा करार भेट दिला. डोंगरावरच्या प्रवचनापाशी ते अडकले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई मागे राहिल्या, काही वर्षं नवऱ्यापासून तुटलेल्या. टिळक सांगत की आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. या पुलाची चर्चा विद्वानांनी पुष्कळ केली आहे. मला त्यात एकच गोष्ट दिसते. पूल ओलांडणारा माणूस पायाखालची नदी बदलत नाही. टिळकांनी अभंग सोडला नाही, टाळ सोडला नाही. मराठी मंडळ्यांमध्ये आजही रविवारी त्यांची पदं म्हटली जातात आणि म्हणणाऱ्याला ती विलायती वाटत नाहीत.

आता सिन्नरकडे चला. जून १८९९.

पहिला पाऊस पडून गेलाय. जमीन वाफशावर आली आहे. शेतकरी पाभर जुंपतो. बैलांना कुंकू, पाभरीला कुंकू. घरातली मोठी बाई पाठीमागून चालते. तिच्या ओटीत बाजरीचं बी आहे, राखेत घोळून कणगीत जपलेलं, उन्हाळ्यात पोरं अर्धपोटी झोपली तरी हात न लावलेलं. चाड्यावर मूठ धरायची म्हणजे साधं काम नाही. मूठ जरा सैल झाली की बी दाट पडतं, घट्ट झाली की ओळीत खाडा राहतो. चार-चार दाणे नळीतून खाली जातात आणि बरोबर तासात पडतात.

बांधावर मिशनच्या शाळेचे मास्तर उभे आहेत. ते पेरणाऱ्याचा दाखला सांगतायत. एक पेरणारा पेरायला निघाला. काही बी वाटेवर पडलं ते पाखरांनी खाल्लं, काही खडकावर, काही काट्यांत, काही चांगल्या जमिनीत.

शेतकऱ्याने बैल थांबवले नाहीत, पण कान इकडे आहेत. तास संपवून तो वळतो.

“मास्तर, वाटंवर कसं पडलं?”

“पेरताना पडलं.”

“पाभर वाटंवर चालवली का त्यानं?”

मास्तर सांगतात की त्या देशात पाभर नव्हती, हाताने फोकून पेरत. शेतकरी मान हलवतो. फोकून पेरणं त्याला ठाऊक आहे. तिकडे इगतपुरी-त्र्यंबकच्या डोंगरात भाताच्या रोपासाठी राब भाजतात आणि त्या राखेवर बी फोकतात. पण तेवढ्या तुकड्यावर, नेमकं. वाटेवर, खडकावर, काट्यांत बी उधळणारा माणूस त्याच्या डोळ्यांपुढे उभाच राहत नाही. चाड्यावर मूठ धरणारी बाई पहिल्यांदाच बोलते.

“लई बी असंल त्याच्याकडं.”

देवाच्या औदार्यावर मी बरीच प्रवचनं ऐकली आहेत, काही अगदी पाऊण तासाची. त्या बाईच्या चार शब्दांपलीकडे त्यातलं एकही गेलं नाही. आणि ती ते कौतुकाने म्हणाली, की हेव्याने, की रागाने, हे तुम्हाला तिच्या चेहऱ्यावरून कळत नाही. तिचं सगळं लक्ष मुठीकडे आहे.

पुढे काय झालं ते तुम्हाला माहीत आहे, कारण तुम्ही पुढून आला आहात. त्या वर्षी पाऊस नंतर आलाच नाही. कोंब वर आले आणि करपले. दुबार पेरणीला बी उरलं नव्हतं. याला लोक पुढे छप्पनचा दुष्काळ म्हणू लागले, विक्रम संवत १९५६ वरून. दाखल्यात चार प्रकारची जमीन सांगितली आहे, पण चांगल्या जमिनीत पडलेलं बीही पावसावाचून जळालं अशी पाचवी ओळ त्यात नाही. सिन्नरच्या त्या रानात उभं राहून ही पाचवी ओळ वाचल्याशिवाय पहिल्या चार वाचता येतात असं मला वाटत नाही.

बांधावरून निघताना मास्तर तुम्हाला त्यांच्या चामडी पखालीतलं पाणी देतात. पखाल निम्मीच भरलेली आहे.

आणि मग राहुरी, मुळा नदीच्या काठी, १९००. नाशिकची हद्द ओलांडून तुम्ही नगर जिल्ह्यात आला आहात. जलालपूरची मुलगी इथे आली आहे म्हणून तुम्हालाही यावं लागलं.

लक्ष्मीबाई नवऱ्याकडे परतल्या तेव्हा धर्म बदलून नव्हे. चूल वेगळी, पाणी वेगळं, सोवळं आपलं आपल्यापाशी. बापाच्या घरचा तो धुण्याचा आवाज त्यांच्या कानात असणारच. मग हळूहळू त्यांच्या मनाने हिशेब मांडला. माणसं देवाने केली खरी, पण जाती त्याने केलेल्या नाहीत. त्या माणसांनी केल्या. ‘स्मृतिचित्रे’ वाचताना जाणवतं की कुठलंही धर्मशास्त्र उघडून त्या इथे पोचलेल्या नाहीत. त्या पोचल्या हंडा, तांब्या, चूल यांच्या वाटेने. ज्या वस्तूंनी विटाळ शिकवला त्याच वस्तूंनी तो उतरवला. याच वर्षी राहुरीत त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे प्लेगच्या दिवसांत, ज्यांना घरचेही शिवत नव्हते अशा आजाऱ्यांची सेवा त्यांनी केली.

रात्री जवळच्या एका गावात कीर्तन आहे. वेशीबाहेरच्या वस्तीत एक कंदील, एकतारी, टाळ, आणि गोल करून बसलेली माणसं, दुष्काळाने वाळलेली. पुष्कळजण दिवसभर सरकारी कामावर खडी फोडून आलेले. तुम्ही कडेला बसता. बुवा ख्रिस्ती आहेत, पण उभं राहण्याची पद्धत, उपरणं, पूर्वरंग आणि उत्तररंग, सगळं ओळखीचं. आख्यान शोमरोनी बाईचं.

येशू चालून दमलाय. दुपारची वेळ. गावाबाहेर विहीर. एक बाई एकटीच पाणी भरायला येते, भर उन्हात, इतर बायका येत नाहीत त्या वेळेला. इथे समोर बसलेल्या बायका एकमेकींकडे बघतात. बाकीच्या बायका नसताना पाण्याला का जावं लागतं, हे त्यांना सांगावं लागत नाही. येशू तिला पाणी मागतो. ती दचकते. तू यहुदी, मी शोमरोनी, तू माझ्या हातचं कसं मागतोस?

टाळ थांबलेत.

तुम्ही ही गोष्ट इंग्रजी शाळेत ऐकली असेल तर शिक्षिकेने दहा मिनिटं यहुदी आणि शोमरोनी यांच्यातलं वैर समजावलं असेल. इथे ती दहा मिनिटं लागत नाहीत. वरच्या जातीचा माणूस खालच्या जातीच्या बाईच्या घागरीतलं पाणी मागतोय. या वस्तीत बसलेल्या कुणीही हे उभ्या आयुष्यात पाहिलेलं नाही. उलट पाहिलंय. उलट रोजच असतं. गावच्या विहिरीपासून लांब उभं राहायचं, हात जोडायचे, आणि कुणाला दया येईल तेव्हा वरून धार पडेल.

बुवा पुढे जिवंत पाण्याकडे वळतात, जे प्यायल्यावर पुन्हा तहान लागत नाही. दृष्टांत चांगले आहेत, आवाज चांगला आहे. पण एका म्हाताऱ्या बाईचं तिकडे लक्ष नाही. ती बराच वेळ चुळबुळ करते आणि शेवटी मध्येच विचारते.

“बुवा, त्यो पानी पिला का?”

बुवा थांबतात.

“म्हंजी तिनं दिलं का, आन् त्यो पिला का?”

योहानाचा चौथा अध्याय तुम्ही घरी जाऊन उघडा. मी उघडलाय, पुन्हा पुन्हा. येशू पाणी मागतो हे लिहिलंय. दोघांचं लांबलचक बोलणं लिहिलंय. ती घागर तिथेच टाकून गावात गेली हेही लिहिलंय. तो पाणी प्यायला असं कुठेही लिहिलेलं नाही. प्यायला नाही असंही नाही. दोन हजार वर्षांत टीकाकारांनी त्या विहिरीवर ग्रंथ लिहिले, जिवंत पाण्याचा अर्थ सात प्रकारे लावला. म्हातारीला साध्या पाण्याची काळजी आहे, कारण साधं पाणी तिला मिळत नाही. तो प्यायला असेल तर जग एक आहे, नसेल तर दुसरं.

बुवा प्रामाणिक असावेत. ते ‘हो, प्यायला’ असं ठोकून देत नाहीत. एकतारीची तार एकदा छेडतात आणि म्हणतात, “ते सांगायचं ठेवलंय, आजी.” आख्यान तिथेच आवरतं. आरती होते, माणसं उठतात.

कंदील हलतो तेव्हा तुमच्यापर्यंत पाणी येतं. एकच मडकं, एकच वाटी, हातोहात फिरत आलेली. तुमच्या आधी म्हातारीने ती ओठाला लावली आहे. वाटीच्या कडेवर तिच्या ओठांचा ओला ठसा आहे. आडनाव कुणी विचारत नाही. तुम्ही पिता की नाही, हे योहानासारखंच मीही लिहीत नाही.

परतीची वर्षं वेगाने जातात. काळाराम मंदिराच्या दारात २ मार्च १९३० रोजी सत्याग्रह सुरू होतो. त्याच्या तीन वर्षं आधी महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेब आंबेडकरांनी ओंजळीने पाणी प्यायलं होतं. सगळ्यांच्या देखत. तिथे प्यायला की नाही याचा संशय राहिला नाही. १९३५ साली नाशिक जिल्ह्यातल्याच येवल्यात ते जाहीर करतात की आपण हिंदू म्हणून मरणार नाही. पुढल्याच वर्षी लक्ष्मीबाई नाशिकात वारतात. आणि ख्रिस्ती मंडळीत आल्यावर जात गेली असं मी लिहिणार नाही. लग्नाची बोलणी सुरू झाली की आमच्यातही आडनावं बाहेर येतात, हळू आवाजात, चहा झाल्यावर.

वाटेत एका खेड्यातल्या मंडळीचा हंगामाचा सण लागतो, तो मात्र बघून घ्या. वेदीपुढे भोपळे, बाजरीची कणसं, अंड्यांची टोपली, पाय बांधलेला एक कोंबडा. उपासना झाली की लिलाव. एक भोपळा घेणारा पैसे भरतो आणि भोपळा परत अर्पण करतो, पुन्हा बोली लागते. तोच भोपळा तीनदा विकला जातो आणि कोंबडा पाळकांच्या प्रार्थनेत मध्येच आरवतो. लहानपणापासून मला हा सण नाताळापेक्षा जास्त आवडत आलाय. नाताळात चांदणी लागते, गोठा मांडतात, पण तो गोठा पुठ्ठ्याचा असतो. इथला कोंबडा खरा.

पहाटेचे साडेपाच. पिंपळगाव बसवंतचा चौक, आणि साल तुमचंच.

चौकात जीपगाड्या, छोटे टेम्पो, आणि माणसं. पेठ, सुरगाणा, हरसूलकडून आलेल्या मजुरांच्या टोळ्या, बायका जास्त. डोक्याला रुमाल, पिशवीत भाकरी, कमरेला सिकेटर. द्राक्षबागांची खरडछाटणी चालू आहे. मुकादम बोली करतो, टोळी गाडीत चढते. उरलेल्या उभ्या राहतात. सात वाजता काही जातात, नऊ वाजता काही. काही जणी दुपारपर्यंत पारावर बसून राहतात. मत्तयाच्या शुभवर्तमानात द्राक्षमळ्याचा मालक पहाटे, मग तिसऱ्या तासाला, मग सहाव्या, नवव्या, अकराव्या तासाला चौकात जातो आणि उरलेले मजूर घेऊन येतो. ज्याने हे सांगितलं तो कधीतरी अशा चौकात उभा राहिलेला असणार. राहिल्याशिवाय ‘आम्हाला कुणी लावलं नाही’ हे कसं सुचेल?

तुम्ही एका टोळीबरोबर निफाडच्या बागेत येता. नाशिकात द्राक्षं जुनी आहेत, पण पूर्वीचे वेल थोडे, पांगाऱ्याच्या जिवंत खुंटावर चढवलेले. आता लोखंडी अँगल, तारा, ठिबक. मराठी बायबलात द्राक्षवेल पुल्लिंगी आहे. बागेत मात्र ती वेल, बाईच. गेल्या महिन्यात घड उतरले. आज त्याच काड्या कापायच्या, ओलांड्यापर्यंत मागे, एक-दोन डोळे ठेवून. सकाळी हिरवा मांडव असतो, दुपारपर्यंत नुसती खोडं आणि तारा. कापलेल्या टोकांतून पाणी झिरपतं.

तुमच्या शेजारच्या ओळीत सुरगाण्याची एक बाई छाटतेय. तिच्या मनगटाला एक लय आहे. खट्, खट्, मग काडी बाजूला. तिच्या गावात रविवारी प्रार्थना भरते, ती जाते. फळ देणाऱ्या फांदीला माळी छाटतो म्हणजे तिला जास्त फळ येतं, हे वचन तिथे वाचलं होतं, ती सांगते. तुम्ही विचारता, कसं वाटलं?

ती हात थांबवत नाही.

“जिनं दिलं तिलाच कापतात. जी वांझ, ती तर उपटूनच टाकतात. मग काय चांगलं, मला नाय कळलं.” खट्. “पन नाय कापली तर पुढच्या साली घड येत नाय, ते बी खरं.”

तुम्ही तिच्याकडून आणखी काहीतरी ऐकायची वाट बघता. ती पुढच्या वेलीकडे गेली आहे.

चार वाजता जीप चुकलेले तिघे येतात, दोन बाया आणि एक पोरगा. मुकादम कुरकुरतो, तरी लावतो. सहा वाजता काम सुटतं. बांधावर हिशेब. काम एकरावर घेतलेलं, पैसे टोळीत वाटायचे. मुकादम नोटा मोजतो आणि तिघांशी येऊन अडतो. किती द्यायचे? टोळीत कुजबुज सुरू होते. सकाळपासून उन्हात राबलेल्या बायका आहेत या, त्यांची कंबर दुखतेय. मत्तयात मालक सगळ्यांना सारखंच देतो आणि पहाटेचे मजूर चिडतात. आजवर प्रत्येक वेळी मी त्या चिडणाऱ्यांना कोत्या मनाचं समजत आलो. आज बांधावर उभा आहे आणि त्यांचं म्हणणं मला पहिल्यांदाच नीट ऐकू येतंय.

सुरगाण्याची बाई म्हणते, “पोराला पुरा द्या. बायांचं बघू.” वाद सुरूच राहतो. निकाल लागेपर्यंत थांबायला तुम्हाला वेळ नाही, सूर्य चांदवडच्या डोंगरांच्या उलट बाजूला बुडत आलाय.

तुम्हाला तहान लागलीय. बंगल्याच्या व्हरांड्यात फिल्टरच्या पाण्याचा जार आहे, स्टीलचे पेले उपडे घातलेले. मालक खुर्चीतून उठतात, माणूस भला आहे, हसून या म्हणतात. पेला सुलटा करता करता सहज विचारतात, “नाशिकचे का? आडनाव काय आपलं?”

तुम्ही उत्तर देणार तेवढ्यात मागून कुणी हाताला बाटली लावतं. कोल्ड्रिंकची जुनी दोन लिटरची, वर ओलं फडकं गुंडाळलेलं, पाणी पाऊण संपलेलं. सुरगाण्याची बाई. दिवसभर तिने यातलंच पाणी प्यायलंय, तोंड लावून, तुम्ही पाहिलंय.

मालक पेला धरून उभे आहेत. ती काही बोलत नाही. तुम्ही बाटली वरून धरता की तोंडाला लावता, एवढंच बघत ती उभी आहे.